राज्य विरुद्ध वॉशिंग्टन: 'यादवी पेटणार' ही बातमी तपासण्याची रीत

टेक्सासचा गव्हर्नर 'आक्रमण' हा शब्द उच्चारतो, कॅलिफोर्निया राज्य राष्ट्राध्यक्षांवर खटला भरते, एखाद्या शहरात लष्करी वेशातले जवान उतरतात, आणि संध्याकाळपर्यंत 'अमेरिका यादवीच्या उंबरठ्यावर' अशा मथळ्यांचा पाऊस पडतो. अशी बातमी हाती आली की काय तपासायचे, कोणत्या क्रमाने, आणि नेमके कुठे फसायला होते, ते पुढे दिले आहे. भाषणे बाजूला ठेवायची आणि आदेशाचा कागद शोधायचा, हा सगळ्याचा पाया. बंदूक हातात असलेला माणूस कोणाचा हुकूम मानतो आणि न्यायालयाने सांगितलेले पाळले जाते की नाही, या दोनच गोष्टींवर पुढचे सारे अवलंबून असते, आणि दोन्ही कागदावर सापडतात.

आधी घोळ निस्तरा

अमेरिकेचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडून दिलेला असतो. राष्ट्राध्यक्ष त्याला नेमत नाही आणि काढूही शकत नाही. राज्य सरकार बरखास्त करून केंद्राची राजवट लावायची सोय तिथल्या राज्यघटनेत नाही. 'ट्रम्प अमुक राज्याचे सरकार बरखास्त करणार' असे वाक्य दिसले की पुढे वाचायची गरज उरत नाही.

'मार्शल लॉ'चे, म्हणजे लष्करी राजवटीचेही तसेच. तो जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देणारा कोणताही कायदा तिथल्या संसदेने केलेला नाही. तरीही हा शब्द दर दोन-तीन महिन्यांनी उगवतोच.

तिसरा घोळ 'आणीबाणी'चा. गव्हर्नर पुरासाठी, वणव्यासाठी, सीमेवरच्या गर्दीसाठी 'डिझास्टर' जाहीर करतात. त्याने राखीव पैसा मोकळा होतो आणि खरेदीचे नियम शिथिल होतात. टेक्सासमध्ये अशी घोषणा ३० दिवस टिकते आणि नंतर नव्याने काढावी लागते. म्हणून तिथल्या सीमेवरची 'नवी आणीबाणी' बहुतेक वेळा जुन्याच घोषणेचे नूतनीकरण असते.

पहिली पायरी: गणवेश ओळखा

फोटोत हिरव्या-करड्या ठिपक्यांचा वेश दिसला म्हणजे लष्कर, असे नाही. स्थलांतर खाते, सीमा सुरक्षा, मार्शल सेवा अशा फेडरल, म्हणजे केंद्राच्या, यंत्रणांची खास पथके अगदी लष्करासारखे कपडे घालतात. ते पोलीस आहेत. फेडरल कायदा राबवण्यासाठी कोणत्याही राज्यात जायला त्यांना गव्हर्नरची परवानगी लागत नाही. २०२० साली पोर्टलंडमध्ये असे जवान पाहून अनेकांनी 'सैन्य उतरले' असे लिहिले होते. सैन्य उतरले नव्हते.

नॅशनल गार्ड म्हणजे राज्याराज्यांतले राखीव लष्करी दल. त्यातल्या आर्मी नॅशनल गार्डच्या छातीवर 'यू.एस. आर्मी' हीच पट्टी असते, मग तो जवान त्या क्षणी गव्हर्नरच्या हुकमाखाली असो की राष्ट्राध्यक्षाच्या. छातीवरच्या पट्टीवरून मालक कळत नाही. खांद्यावरचे चिन्ह पाहा. निळ्या बाणाच्या टोकावर हिरवा 'टी' असेल तर ती टेक्सासशी जोडलेली ३६वी इन्फंट्री डिव्हिजन. निळ्या चौकटीवर पिवळा सूर्य असेल तर कॅलिफोर्नियाची ४०वी. त्यावरून तुकडी कुठली एवढे कळेल. ती सध्या कोणाच्या ताब्यात आहे हे चिन्ह सांगत नाही. ती दुसरी पायरी आहे.

काही राज्यांकडे 'स्टेट गार्ड' नावाचे वेगळे, लहानसे दल असते. टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत ते आहे. संसदेच्या कायद्यानुसार हे दल फेडरल सेवेत ओढता येत नाही, ते कायम गव्हर्नरचेच. म्हणून 'गव्हर्नरने स्वतःची फौज वाढवली' ही बातमी लक्ष देण्यासारखी असते, पण लगेच घाबरू नका. अशी दले मुख्यतः वादळात आणि पुरात कामाला येतात.

खाजगी 'मिलिशिया'वाल्यांचे फोटो सर्वांत भडक असतात आणि घटनेच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचे. ते कोणाच्याच हुकमाखाली नाहीत. राज्याला अशा सशस्त्र कवायतींवर बंदी घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १८८६ सालीच सांगितले आहे. त्यांच्याकडून हिंसा होऊ शकते, पण ती कायदा-सुव्यवस्थेची बाब. राज्य विरुद्ध केंद्र या खात्यात ती मांडू नये.

दुसरी पायरी: गार्ड कोणाच्या ताब्यात?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे थांबू. नॅशनल गार्ड हे दोन मालकांचे दल आहे. जवान तोच, छावणी तीच, पण कागद बदलला की हुकूम देणारा बदलतो. अवस्था तीन ('टायटल' म्हणजे फेडरल कायदेसंहितेचा एक भाग).

राज्य सेवा: हुकूम गव्हर्नरचा, पगार राज्याचा. पूर, वणवा, दंगल, आणि टेक्सासची २०२१ पासूनची सीमेवरची 'लोन स्टार' मोहीम या प्रकारातली.

टायटल ३२: हुकूम गव्हर्नरचाच, पण पैसा फेडरल सरकारचा. 'केंद्राने गार्ड पाठवले' असे मथळे ज्यांवर येतात त्या कित्येक तैनाती प्रत्यक्षात या असतात. गव्हर्नरची संमती असल्याशिवाय ही अवस्था येतच नाही, तेव्हा यात राज्य-केंद्र संघर्ष नसतो. २०२५ साली मेम्फिसमध्ये उतरलेले गार्ड टेनेसीच्या गव्हर्नरच्या संमतीने आले होते.

टायटल १०: हुकूम राष्ट्राध्यक्षाचा, पैसाही फेडरल. गव्हर्नर साखळीतून बाहेर. याला 'फेडरलाइझ करणे' म्हणतात. बातमीत हा शब्द आला की कान टवकारायचे. गव्हर्नरची इच्छा नसताना हे झाले, तरच खरा संघर्ष.

राजधानी वॉशिंग्टन या हिशेबात धरू नका. तिथे गव्हर्नरच नाही आणि तिथला गार्ड कायम राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली असतो. तिथल्या रस्त्यांवर जवान दिसले, तर त्यावर दुसरे वाद जरूर घाला, पण राज्याच्या अधिकाराचा प्रश्न तिथे उभा राहत नाही.

एका राज्याचा गार्ड दुसऱ्या राज्यात दिसला तर काय? दोन वाटा आहेत. एक, राज्याराज्यांतला मदतीचा करार, ज्याला संसदेने १९९६ साली मान्यता दिली. त्यात यजमान गव्हर्नर मदत मागतो. दुसरी, टायटल १० खाली राष्ट्राध्यक्षाने पाठवलेली तुकडी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासचे जवान इलिनॉयमध्ये पोचले ते या दुसऱ्या वाटेने, आणि इलिनॉयच्या गव्हर्नरचा त्याला उघड विरोध होता. दोन्ही वेळी फोटो सारखाच दिसतो.

कागद बदलला की काय घडते याचा आदर्श नमुना म्हणजे लिटल रॉक, १९५७. आर्कन्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने सप्टेंबरच्या सुरुवातीला गार्ड लावून नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेच्या दारातून परत पाठवले. २० सप्टेंबरला फेडरल न्यायाधीशाने मनाई हुकूम दिला आणि गार्ड हटला. २३ ला जमावाने गोंधळ घातला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पांगण्याचा इशारा देणारी घोषणा काढली, आणि २४ ला आदेश काढून १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले. त्यासोबत त्यांनी आर्कन्सॉचा गार्डच फेडरल सेवेत ओढला. काही दिवसांपूर्वी ज्या दलाने मुलांना अडवले होते, तेच आता त्यांच्या रक्षणाला उभे. गव्हर्नरच्या हातात त्याला विरोध करायला एकही सैनिक उरला नाही. फेडरलाइझ करण्यातली खरी खोच हीच. मदतीला माणसे मिळतात हे झालेच, पण समोरच्याच्या हातातली माणसे आधी काढून घेतली जातात.

तिसरी पायरी: आदेशातले कलम वाचा

टायटल १० खाली गार्ड बोलावण्याची मुख्य दारे दोन आहेत आणि त्यांचे वजन अगदी वेगळे आहे.

पहिले दार कलम १२४०६. त्याच्या अटी तीन: परकीय आक्रमण किंवा त्याचा धोका, बंड किंवा त्याचा धोका, किंवा 'नियमित दलां'कडून कायदे राबवणे अशक्य होणे. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाच्या गार्डचे किमान २,००० जवान ६० दिवसांसाठी बोलावले ते या कलमाखाली. गव्हर्नरचा विरोध असताना राष्ट्राध्यक्षाने गार्ड बोलावण्याचा प्रकार १९६५ नंतर पहिल्यांदाच घडला होता. मग तसाच प्रयत्न ओरेगॉन आणि इलिनॉयमध्ये झाला, तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी तो रोखला. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयच्या प्रकरणात सरकारची अंतरिम विनंती फेटाळली. 'नियमित दले' म्हणजे बहुधा देशाचे लष्कर, असा अर्थ तिथे लावला गेला. आता पुढच्या वेळी हे कलम वापरले गेले, तर लष्कराला त्या कामासाठी वापरण्याचा कायदेशीर आधार सरकारने दाखवला आहे का, हे पहिल्यांदा पाहायचे.

दुसरे दार बंड दडपण्याचा कायदा, इन्सरेक्शन ॲक्ट. संहितेत तो २५१ ते २५५ या कलमांत आहे. २५१ मध्ये राज्याने मदत मागितलेली असते. २५२ मध्ये राज्याची मागणी लागत नाही, फक्त न्यायालयांच्या नेहमीच्या मार्गाने फेडरल कायदा राबवणे अशक्य झाल्याचे राष्ट्राध्यक्षाने ठरवायचे. २५३ नागरिकांचे घटनात्मक हक्क डावलले जात असतील तेव्हासाठी. आणि २५४ हे वाचकाचे सर्वांत उपयोगी कलम: सैन्य वापरण्याआधी राष्ट्राध्यक्षाने घोषणा काढून बंडखोरांना ठरावीक मुदतीत पांगून घरी जायला सांगितलेच पाहिजे. ही घोषणा गुपचूप होत नाही, ती 'फेडरल रजिस्टर' या सरकारी राजपत्रात छापली जाते. 'इन्सरेक्शन ॲक्ट लागू झाला' असे कोणी ओरडले, तर ती घोषणा शोधा. नसेल, तर कायदा लागू झालेला नाही. 'विचार सुरू आहे' हे वाक्य बातमी म्हणून शून्य धरा.

या कायद्याचा शेवटचा वापर १९९२ चा, लॉस एंजेलिसच्या दंगलीत, तोही गव्हर्नर पीट विल्सन यांच्या मागणीवरून. गव्हर्नरच्या विरोधात शेवटचा वापर १९६५ चा, अलाबामातल्या सेल्माच्या नागरी हक्क मोर्चाच्या संरक्षणासाठी.

फरक का महत्त्वाचा? १८७८ चा 'पॉसी कॉमिटेटस' कायदा लष्कराला पोलिसी कामाची मनाई करतो, आणि टायटल १० मध्ये गेलेला गार्डही त्या मनाईत येतो. इन्सरेक्शन ॲक्ट हा त्या मनाईला अपवाद आहे. म्हणजे जवान जेव्हा फक्त इमारतींचे रक्षण करत उभे असतात आणि जेव्हा अटक करू लागतात, या दोन चित्रांमध्ये कायद्याची मोठी भिंत असते. जवानांनी प्रत्यक्षात काय केले, अटक की पहारा, याची नोंद ठेवा.

इथे एक धोका मात्र कागदावर दिसत नाही. १९९२ मध्येच लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये पोलीस आणि मरीन सैनिक एका घरासमोर होते. पोलिसाने 'कव्हर' द्यायला सांगितले. पोलिसी भाषेत त्याचा अर्थ 'बंदूक रोखून तयार राहा', मरीनच्या भाषेत 'गोळीबार सुरू करा'. दोनशेच्या वर गोळ्या सुटल्या. घरात मुले होती, सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. दोन वेगवेगळ्या शिस्तीची माणसे एका रस्त्यावर आली की मोठा अनर्थ कोणाच्या निर्णयाने होण्यापेक्षा अशा गफलतीने होण्याची शक्यता जास्त.

चौथी पायरी: न्यायालयाने कोणाला काय करायला सांगितले?

मथळे म्हणतात 'न्यायालयाचा दणका'. तुम्ही तीन प्रश्न विचारा: हुकूम कोणावर आहे? काय करा किंवा काय करू नका असे त्यात आहे? आणि तो किती दिवस चालतो?

'तात्पुरता मनाई हुकूम' साधारण १४ दिवसांचा असतो, सबळ कारण असेल तर आणखी १४ दिवस वाढतो. 'अंतरिम मनाई हुकूम' खटल्याच्या निकालापर्यंत चालतो आणि त्यावर अपील करता येते. 'स्थगिती' म्हणजे खालच्या न्यायालयाचा हुकूम तूर्त गोठवणे, खटला कोण जिंकले याचा त्याच्याशी संबंध नाही. प्रशासकीय स्थगिती तर नुसती 'थांबा, कागद वाचू द्या' एवढीच. मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या 'एसबी ४' या स्थलांतर कायद्याचे काय झाले पाहा: १९ तारखेला दिवसा सर्वोच्च न्यायालयाने तो रोखायला नकार दिला, आणि त्याच रात्री पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो पुन्हा थांबवला. दुपारी लिहिलेली प्रत्येक बातमी रात्री चुकीची ठरली. म्हणून न्यायालयीन बातमीवर तारखेसोबत वेळही पाहावी.

टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरच्या ईगल पास गावचे प्रकरण यापेक्षाही शिकवणारे आहे. जानेवारी २०२४ मध्ये टेक्सासने रिओ ग्रांडे नदीकाठचे शेल्बी पार्क ताब्यात घेतले आणि फेडरल सीमा दलाचा तिथला प्रवेश जवळपास बंद केला. २२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी एक छोटा आदेश दिला, कारणे न देता. दोन दिवसांनी गव्हर्नर अबॉट यांनी राज्यघटनेतल्या 'आक्रमणा'च्या कलमाचा आधार घेत निवेदन काढले, रिपब्लिकन पक्षाच्या २५ गव्हर्नरांनी पाठिंबा दिला, आणि जगभर 'टेक्सासने सर्वोच्च न्यायालय धुडकावले' असे छापून आले.

तो आदेश काय होता? खालच्या न्यायालयाने फेडरल जवानांना टेक्सासची काटेरी तार कापायला मनाई केली होती, ती मनाई सर्वोच्च न्यायालयाने उठवली. बस. टेक्सासने काही करावे किंवा करू नये असे त्यात एक अक्षर नव्हते, पार्क सोडायचाही उल्लेख नव्हता. टेक्सासने आणखी तार लावली तरी आदेशाचा भंग होत नव्हता. आणि फेडरल सरकारने तार कापण्यासाठी बळजबरीने आत घुसायचे टाळले, बायडन यांनी टेक्सासचा गार्ड फेडरल सेवेत घेतला नाही. सशस्त्र माणसे समोरासमोर होती हे खरे, आणि ते हलके घेण्यासारखे नव्हते. पण हुकूम धुडकावला गेला नव्हता, कारण धुडकावण्याजोगा हुकूमच नव्हता. मूळ कागद एका पानाचा होता. तो वाचायला दोन मिनिटेही लागत नव्हती.

कागद कुठे मिळतात? सर्वोच्च न्यायालयाचे आदेश त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतात. खालच्या फेडरल न्यायालयांची कागदपत्रे 'पेसर' या सरकारी प्रणालीत: पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचे बिल ३० डॉलर किंवा कमी झाले तर ते माफ. गाजलेल्या खटल्यांचे कागद 'कोर्टलिसनर'वर बहुधा आधीच चढवलेले असतात, तिथे आधी पाहा. आदेश उघडला की थेट शेवटच्या पानावर जा. मधली पंचवीस पाने तर्काची. हुकूम असतो तो शेवटच्या दोन-चार वाक्यांत.

पाचवी पायरी: असहकार की आडकाठी?

'राज्याने फेडरल कायदा मानायला नकार दिला' या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

मदत न करणे कायदेशीर आहे. फेडरल सरकार राज्याच्या पोलिसांना आपली कामे करायला जुंपू शकत नाही. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात, बंदूक घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायचे काम शेरीफांवर लादणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द केली. स्थलांतर खात्याला मदत न करणारी 'सँक्च्युअरी' शहरे याच खांबाला टेकून उभी आहेत. गंमत अशी की बंदूकवाल्यांनी जिंकलेला खटला आज उदारमतवादी शहरांची ढाल आहे. त्याहून मागे गेले तर १८४२ मध्ये, पळालेल्या गुलामांना पकडण्याच्या कामात राज्यांच्या अधिकाऱ्यांवर सक्ती करता येत नाही, ही भूमिका न्यायालयाने घेतली, आणि उत्तरेच्या राज्यांनी ती लगेच उचलली. राज्यांच्या हक्कांची भाषा कोणत्याही एका पक्षाची जहागीर कधीच नव्हती.

अडवणे मात्र बेकायदा आहे. फेडरल अधिकाऱ्याच्या वाटेत राज्याचा पोलीस शारीरिकरीत्या उभा राहिला, त्याला अटक केली, किंवा फेडरल कायदा आमच्या राज्यात रद्दबातल असे विधिमंडळाने ठरवले, की फेडरल कायदा वरचढ ठरवणारे घटनेचे सहावे कलम आडवे येते. मिसुरीच्या २०२१ च्या कायद्यात दोन्ही गोष्टींची भेसळ होती. काही फेडरल बंदूक कायदे 'अवैध' ठरवणे, आणि ते राबवायला मदत करणाऱ्या पोलीस खात्यांना ५०,००० डॉलर दंड. मदत नाकारणे चालले असते. 'अवैध' ठरवणे चालले नाही, आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

बातमी वाचताना क्रियापद तपासा. 'मदत करणार नाही', 'माहिती देणार नाही', 'तुरुंगाची जागा देणार नाही' हे पहिल्या रकान्यात. 'येऊ देणार नाही', 'अटक करू', 'हाकलून देऊ' हे दुसऱ्या. मग दुसऱ्या रकान्यातले खरोखर घडले का ते पाहा, कारण गर्जेल तो पडेल काय हे गव्हर्नरांना चपखल लागू पडते. १९६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, भाषण केले, केनेडींनी गार्ड फेडरलाइझ केला, त्याच गार्डच्या जनरलने येऊन बाजूला व्हायला सांगितले आणि वॉलेस बाजूला झाले. सगळा प्रकार एका दिवसात आटोपला. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डमध्ये, अशाच प्रवेशावरून, गव्हर्नर बार्नेट यांच्या दुटप्पीपणामुळे जमाव भडकला, रात्रभर दंगल झाली आणि दोन जण मेले. म्हणून नाटक आहे असे गृहीत धरणेही धोक्याचे. जमाव जमलाय का आणि राज्याचे पोलीस त्याला अडवतायत की पाय काढून घेतायत, यावर नजर ठेवावी.

पैशाचे थोडक्यात. केंद्राचा नेहमीचा चाबूक अनुदान रोखण्याचा असतो. दारूचे वय २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी ५ टक्क्यांपर्यंत कापणे १९८७ मध्ये वैध ठरले, पण २०१२ मध्ये मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेचा सगळाच निधी रोखण्याची धमकी सक्ती ठरली. उलट बाजूने 'राज्य केंद्राचा करच देणार नाही' ही घोषणा पोकळ असते. प्राप्तिकर लोक आणि कंपन्या थेट फेडरल सरकारला भरतात, तो राज्याच्या तिजोरीतून जातच नाही.

खरा धोका कसा दिसतो

यासाठी १८६० ते ६१ चा क्रम पाठ असावा. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून येताच चार्ल्सटनच्या फेडरल न्यायाधीशाने राजीनामा दिला. बंदरातला जकात अधिकारीही गेला. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटून निघाले. त्या महिनाअखेरीपर्यंत राज्याने फेडरल किल्ले आणि शस्त्रागार ताब्यात घेतले होते. फेब्रुवारीपर्यंत सात राज्ये गेली आणि टेक्सासमधल्या फेडरल सेनापतीने आपली ठाणी राज्याच्या हवाली केली. चार्ल्सटनच्या बंदरात फेडरल ताब्यात उरलेल्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागल्या त्या १२ एप्रिलला. लिंकननी ७५,००० मिलिशिया मागवली आणि त्यावरून आणखी चार राज्ये बाहेर पडली.

तोफा या यादीत शेवटी आहेत. आधी हललेले सगळे कारभारातले: न्यायाधीश, जकात, किल्ल्यांच्या किल्ल्या, अधिकाऱ्यांची निष्ठा. आजच्या बातमीत त्यांच्या जोडीचे शोधायचे असेल तर हे शोधा: फेडरलाइझ झालेल्या गार्डच्या अधिकाऱ्यांनी हजर व्हायला उघड नकार दिला का? राज्याने फेडरल इमारत, तळ किंवा शस्त्रसाठा ताब्यात घेतला का? एखाद्या सरकारने अंतिम आणि स्पष्ट न्यायालयीन हुकूम 'आम्ही पाळणार नाही' असे सांगून मोडला का, आणि अवमानाच्या कारवाईनंतरही मोडतच राहिले का? यातली एकही गोष्ट नसेल तर तापलेले राजकारण आहे. एक घडली तर रात्र जागण्यासारखे आहे. दोन घडल्या तर वर लिहिलेल्या बहुतेक पायऱ्यांचा उपयोग संपतो, कारण त्या सगळ्या न्यायालयाचा कागद पाळला जातो या गृहीतावर उभ्या आहेत. या साखळीतला कच्चा दुवाही ठाऊक असावा: न्यायालयाचे हुकूम बजावणारी मार्शल सेवा स्वतः राष्ट्राध्यक्षाच्या न्याय खात्याखाली येते.

'टेक्सासला करारानेच फुटून निघायचा हक्क आहे' ही आवई दरवेळी निघते. १८४५ च्या विलीनीकरणाच्या ठरावात टेक्सासमधून आणखी चारपर्यंत राज्ये बनवता येतील असे होते, फुटून निघण्याबद्दल काही नव्हते. आणि एकतर्फी फुटणे घटनेने शक्यच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये टेक्सासच्याच खटल्यात सांगून टाकले.

वही कशी ठेवावी

प्रत्येक प्रकरणाला एक पान. वर राज्याचे नाव आणि खटल्याचे नाव. खाली रकाने: तारीख आणि वेळ, कोणते दल, कोणती अवस्था, आदेशातले कलम, न्यायालयाचा हुकूम कोणावर, तो कधी संपतो. ज्या रकान्यात बातमी काहीच सांगत नाही तो मोकळा ठेवा, अंदाजाने भरू नका. अनेकदा 'अवस्था' हा रकाना दोन-तीन दिवस रिकामा राहतो, कारण वार्ताहरांनाही तो प्रश्न विचारायचे सुचलेले नसते.

रेल्वेवरून जाणाऱ्या रणगाड्यांचे व्हिडिओ वहीत घेऊ नका. लष्कर सरावासाठी आणि दुरुस्तीसाठी ती अवजड वाहने वर्षभर रेल्वेनेच हलवते. गर्दीच्या व्हिडिओत झाडांची पाने, लोकांचे कपडे आणि गाड्यांच्या पाट्या पाहा. जानेवारीतल्या घटनेच्या व्हिडिओत लोक अर्ध्या बाह्यांत असतील आणि जागा मिनेसोटा सांगितली असेल, तर तो जुना किंवा दुसरीकडचा आहे.

तात्पुरत्या मनाई हुकमाच्या चौदाव्या दिवसावर खूण करून ठेवा आणि त्या दिवशी पान पुन्हा उघडा. मथळे तोवर दुसरीकडे गेलेले असतात, पण हुकूम वाढला, उठला की अंतरिम मनाई हुकमात बदलला, हे त्याच दिवशी ठरते. टायटल १० खाली बोलावलेल्या जवानांच्या बाबतीत पान तेव्हाच मिटवा, जेव्हा ते गव्हर्नरच्या हुकमाखाली परत गेल्याचा आदेश दिसेल. शहरातून परत छावणीत गेले म्हणजे ते सुटले असे होत नाही. छावणीत बसलेली तुकडीही टायटल १० मध्येच असू शकते, आणि तोवर गव्हर्नरला ती वणव्यावरसुद्धा पाठवता येत नाही.